बंदूक बदलली की पुन्हा पहिलीत!

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. आपल्या मेसमधला टीव्ही क्रिकेट सोडून दुसरं काही दाखवू शकतो यावर माझा तरी विश्वास नव्हता. पण त्या दिवशी सगळे जण भाताची ताटं हातात घेऊन उभ्याउभ्या रायफल शूटिंग बघत होते! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि मेसमध्ये जो दंगा झाला, तो मॅनेजरकाका अजून विसरलेले नाहीत.

त्यानंतर आठवडाभर हॉस्टेलवर माझा भाव वधारला होता. कारण मी एन.सी.सी.त आहे, आणि कॅम्पला पॉइंट टू-टू रायफलने माझ्या पाचही गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या होत्या. त्यामुळे ‘नेमबाज’ ही पदवी मला डिग्रीच्या आधीच मिळाली होती. (डिग्रीचं पुढे बघू.)

मग दिवाळीच्या सुट्टीत एक मित्र मला त्याच्या काकांकडे घेऊन गेला. काका ट्रॅप शूटिंग खेळतात, म्हणजे मशीनमधून हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या छर्ऱ्याच्या बंदुकीने फोडायच्या. क्लबच्या रजिस्टरमध्ये सही झाली, कानांवर मफ चढले, डोळ्यांवर चष्मा आला, आणि काकांची जुनी दुनळी बारा बोअर माझ्या खांद्याला लागली. पंचवीस तबकड्या. माझा अंदाज होता की वीस तरी फुटतील.

फुटल्या तीन. त्यातली एक मशीनमधूनच फुटकी आली होती. नियमाने ती धरत नाहीत, पण काकांनी दयेपोटी धरली.

खांदा काळानिळा घेऊन हॉस्टेलवर परतलो. त्याच आठवड्यात एम-थ्रीचा निकाल लागला. तिथेही आमची तबकडी अखंड निघून गेली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी गच्चीवर बसून ठरवून टाकलं होतं की आपल्याला काही येत नाही. रायफलीचं जमलं तो निव्वळ योगायोग, बारावीचे मार्क हाही योगायोगच. एन.सी.सी.च्या शूटिंग टीममधून नाव काढून घ्यायचा अर्जसुद्धा लिहिला होता.

तो अर्ज मी दिला नाही, आणि त्याला कारण झाली शंभर वर्षांपूर्वी वारलेली एक अमेरिकन बाई. निघताना काकांनी तिच्या चरित्राचं एक जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं होतं. तिचं नाव अ‍ॅनी ओकली. ही तिची गोष्ट. जन्मजात नेमबाज म्हणून जगभर जिचा डंका वाजला ती बाई प्रत्यक्षात किती वेळा नवशिकी होती, हे मला तुम्हाला सांगायचंय.

ठासणीची बंदूक

१३ ऑगस्ट १८६०. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डार्क कौंटी नावाचा भाग आहे. तिथल्या एका लाकडी घरात फीबी अ‍ॅन मोझी जन्मली. घरातले तिला अ‍ॅनी म्हणत. आईबाप क्वेकर पंथाचे, म्हणजे शांततावादी. अशा घरात जगातली सर्वांत प्रसिद्ध बंदूकवाली निपजावी, ही नियतीची गंमतच. ती पाच-सहा वर्षांची असताना वडील हिमवादळात सापडले, आजारी पडले आणि १८६६ मध्ये गेले. मागे आई आणि खाणारी तोंडं.

चुलीच्या वर भिंतीला वडिलांची जुनी ठासणीची रायफल टांगलेली होती. आठेक वर्षांची असताना अ‍ॅनीने ती उतरवली आणि पहिली शिकार केली. कोकणातल्या मंडळींना ठासणीची बंदूक सांगायला नको. आमच्या गावी रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर ती अजून ठेवतात. बाकीच्यांसाठी सांगतो: नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं, मागे टोपी बसवायची आणि तेव्हा कुठे एक बार. तो चुकला की परत सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ससा तुमची वाट बघत थांबत नाही. म्हणजे एक बार चुकला की रात्रीचं जेवण गेलं! आपल्या व्हायव्हाला निदान दुसरा प्रश्न तरी विचारतात.

पण शिकारीवर सगळ्यांचं पोट भरेना. दहाएक वर्षांची असताना तिला कौंटीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ठेवलं, आणि तिथून एका कुटुंबाकडे घरकामाला पाठवलं. शाळेत घालू, पगार देऊ, असं त्यांनी कबूल केलं होतं. यातलं काहीच झालं नाही. मारझोड आणि उपासमार मात्र झाली. एकदा काम करता करता डोळा लागला म्हणून बर्फात अनवाणी उभं केलं. त्या कुटुंबाचं नाव तिने पुढे आयुष्यभर घेतलं नाही. त्यांचा उल्लेख ती फक्त लांडगे असा करायची. सुमारे दोन वर्षांनी ती तिथून पळाली.

घरी परतल्यावर तिने बंदुकीला धंद्याला लावलं. मारलेली पाखरं, ससे ग्रीनव्हिल गावातल्या दुकानदाराला विकायची. तिथून तो माल सिनसिनाटीच्या हॉटेलांपर्यंत जायचा. खाणाऱ्याच्या दाताखाली छर्रा आला तर हॉटेलवाला दुसऱ्या खेपेला माल घेत नाही. म्हणून पाखराच्या डोक्यातच नेम धरायची तिला सवय लागली, असं सांगतात. पंधराव्या वर्षी तिने या पैशातून आईच्या घरावरचं दोनशे डॉलरचं गहाण फेडलं. आपण त्या वयात दहावीच्या क्लासच्या फीसाठी बाबांकडे बघत होतो.

फ्रँकचा पंचविसावा पक्षी

त्या काळी अमेरिकेत नेमबाजीचे खेळ करत हिंडणारे व्यावसायिक असत. त्यातला एक फ्रँक बटलर, आयर्लंडमधून लहानपणी आलेला. गावोगाव जायचं, स्थानिक नेमबाजाशी पैज लावायची आणि जिंकून पुढच्या गावी, असा त्याचा शिरस्ता. ओहायोत एका हॉटेलवाल्याने त्याच्यासमोर आपला नेमबाज उभा केला तो म्हणजे पाच फूट उंचीची ही पोरगी. फ्रँकला हसू आलं असणार. पंचविसाव्या पक्ष्यावर फ्रँकचा बार चुकला, तिचा चुकला नाही.

हरलेला माणूस पुढे काय करतो यावर त्याची किंमत ठरते. फ्रँकने तिच्याशी लग्न केलं. १८८२ मध्ये त्याचा जोडीदार आजारी पडला म्हणून अ‍ॅनी त्याच्याबरोबर स्टेजवर उभी राहिली. थोड्याच वर्षांत लोक कुणाला बघायला येतात ते त्याच्या लक्षात आलं. त्याने आपली बंदूक खाली ठेवली आणि तो तिचा मॅनेजर झाला. तिच्यासाठी काचेचे गोळे हवेत उडवायचे, हिशेब ठेवायचा, करार करायचे. एकोणिसाव्या शतकातला पुरुष, स्वतः नावाजलेला, आणि बायको आपल्यापेक्षा सरस आहे हे त्याने न कुरकुरता मान्य केलं. १९४६ मध्ये ब्रॉडवेवर तिच्यावर संगीत नाटक आलं, त्यात नवऱ्याचं मन राखायला ती मुद्दाम हरते असं दाखवलंय. खऱ्या फ्रँकला अशा भिकेची कधीच गरज पडली नव्हती.

रायफल वेगळी, छर्ऱ्याची बंदूक वेगळी

इथे थोडं थांबून एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा घोटाळा इथेच झाला होता.

रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. गोळी एकच, ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. नेम धरताना श्वास रोखायचा, साइट जुळवायची आणि चाप हळूच दाबायचा. लक्ष्य स्थिर, तुम्हीही स्थिर. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात, आणि ते पसरत जातात; तीस मीटरवर त्यांचं वर्तुळ साधारण पाऊण मीटरचं होतं. हे ऐकून मला वाटलं होतं, एवढा मोठा घेर असल्यावर चुकणार कसं?

काकांनी माझ्याकडूनच गणित करून घेतलं. छर्रे सुटताना सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटतात, पण हवेच्या विरोधाने झपाट्याने मंदावतात. सरासरी ३०० धरा. तीस मीटर जायला लागला सेकंदाचा दहावा भाग. तबकडी समोरून आडवी सेकंदाला २० मीटर वेगाने चालली असेल, तर तेवढ्यात ती दोन मीटर पुढे गेली! तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर. म्हणजे मी तबकडीवर अगदी अचूक नेम धरून, श्वास रोखून, रायफलीसारखा चाप दाबत होतो तेव्हा माझे छर्रे जिथून तबकडी कधीच निघून गेली होती त्या हवेला भोकं पाडत होते. माझा नेम बरोबर होता, फक्त तो भूतकाळावर होता.

अ‍ॅनीची दुसरी पहिली इयत्ता ही. ठासणीच्या रायफलीने बसल्या सशाचा वेध घेणाऱ्या मुलीला आता हवेत उडणाऱ्या गोष्टी फोडायच्या होत्या. त्या काळी लक्ष्य म्हणून काचेचे पोकळ गोळे स्प्रिंगच्या यंत्राने उडवत. आजच्या मातीच्या तबकडीचं पेटंट सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने १८८० मध्ये घेतलं. चपटी तबकडी गिरकी घेत स्थिर तरंगते, गोळ्यासारखी धपकन खाली येत नाही. (जायरोस्कोपचं तत्त्व. ओरलला विचारलं तर सांगा.)

उडत्या लक्ष्याचं तंत्र अ‍ॅनीने पुढे जसं शिकवलं ते असं: बंदुकीकडे बघायचंच नाही. नजर पाखरावर ठेवायची आणि नळीचं टोक म्हणजे आपलंच बोट आहे असं समजून ते पाखरामागून फिरवत न्यायचं. आपण रस्त्यावरून जाणारी गाडी बोटाने दाखवतो तेव्हा बोटाकडे कुठे बघतो? बंदूक पाखराला गाठते, ओलांडते, त्याच वेळी चाप दाबायचा आणि हात मात्र थांबवायचा नाही. थांबला की गेलं. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर बॅट जशी पुढे जात राहते, तसंच.

या तंत्राने ती कुठवर गेली? १८८५ मध्ये सिनसिनाटीला एका दिवसात ५००० काचेचे गोळे उडवले गेले. नऊ तास ती स्वतःच्या बंदुका स्वतःच भरत होती. त्यातले तिने ४७७२ फोडले. ९५ टक्क्यांच्या वर! आपल्याकडे डिस्टिंक्शन ६६ ला मिळते.

बफेलो बिलच्या तंबूत

त्याच वर्षी ती विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात सामील झाली. घोडे, रेडे, गोळीबार, लुटूपुटूच्या लढाया, असा तो अवाढव्य फिरता तमाशा होता. लाकोटा जमातीचा प्रसिद्ध नेता सिटिंग बुल तिला मुलगी मानायचा. त्याने तिला दिलेल्या नावाचा अर्थ, चिमुकली अचूक नेमबाज. १८८५ च्या हंगामात तोही या खेळाबरोबर हिंडला.

अ‍ॅनीचा प्रवेश खेळात सुरुवातीलाच असायचा. बंदुकीच्या आवाजाने बायका-मुलं घाबरत. ही छोटीशी बाई उड्या मारत यायची, कमी दारूच्या काडतुसांनी सुरुवात करायची, आवाज हळूहळू वाढवत न्यायची, आणि तोवर प्रेक्षकांची भीती गेलेली असायची. मग खरी मजा. पाठमोरी उभी राहून आरशात बघत खांद्यावरून मागचं लक्ष्य फोडायचं. गोळे हवेत उडाल्यावर टेबलावरून उडी मारून, पलीकडची बंदूक उचलून ते फोडायचे. पत्ता आडवा धरला तर त्याच्या कडेचा वेध. पत्त्याला पडलेल्या भोकांमुळे पुढे गंमत झाली. अमेरिकेत फुकट पासला ओळख म्हणून भोक पाडत, त्यामुळे अशा पासला लोक ‘अ‍ॅनी ओकली’च म्हणू लागले. गॅदरिंगला फुकट घुसणाऱ्यांनी ही माहिती ध्यानात ठेवावी.

पण ती काही देवी नव्हती. १८८६ मध्ये लिलियन स्मिथ नावाची पंधरा वर्षांची नेमबाज त्याच खेळात आली आणि अ‍ॅनीचं आता काही खरं नाही असं सांगत सुटली. अ‍ॅनीने काय केलं? स्वतःचं वय सहा वर्षांनी कमी करून टाकलं! जन्मसाल १८६०, सांगायचं १८६६. हे वाचून मला फार बरं वाटलं. एवढा नेम असलेल्या माणसालासुद्धा धाकधूक असते तर.

विसातले पाच

आता मी ज्या पानावर अडकलो ते पान. साल १८८७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये उत्सव चालू होता, आणि वाइल्ड वेस्ट खेळ तिथे गेला होता. खुद्द राणी बघून गेली. अ‍ॅनीचं नाव सगळ्यांच्या तोंडी. अशात तिला तिथल्या जिवंत कबुतरांच्या शूटिंगला बोलावलं. इंग्लंडची ही निळसर कबुतरं लहान आणि भलतीच चपळ. पिंजरा उघडला की बाणासारखी सुटत. ५००० पैकी ४७७२ वाली अ‍ॅनी उभी राहिली.

वीस कबुतरं सुटली. तिने मारली पाच.

पंचवीस टक्के! मी हे पान रात्री दोन वाजता वाचलं आणि उठून बसलो. माझे पंचवीसपैकी तीन म्हणजे बारा टक्के. अ‍ॅनी ओकलीच्या निम्मे तर झालेच की! पण गंमत सोडा. त्या दिवशी तिला काय वाटलं असेल? नाव मातीत जायची वेळ होती. ती म्हणू शकली असती की कबुतरं वाईट होती, हवा वाईट होती. किंवा म्हणू शकली असती की मी संपले.

चार्ल्स लँकेस्टर नावाने लंडनमध्ये बंदुका बनवणारी एक प्रसिद्ध पेढी होती. त्या पेढीच्या मालकाने तिचं शूटिंग बघितलं आणि दोष ओळखला. तिच्या बंदुका तिच्या चणीला फार जड होत्या, आणि दस्त्याचं माप तिच्या अंगाशी जुळत नव्हतं. काचेचा गोळा कुठून उडणार हे माहीत असतं, तेव्हा जड बंदूक चालून जाते. कबुतर कुठे वळेल याचा नेम नाही. तिथे बंदूक क्षणात फिरली पाहिजे. पाच फुटी बाईने अवजड नळी फिरवेपर्यंत कबुतर पार. त्याने तिच्या मापाने हलक्या बंदुका बनवून दिल्या.

आणि मग, हा भाग महत्त्वाचा, ती त्याच्याच मैदानावर जाऊन सराव करत बसली. नवी बंदूक हातात आली म्हणून दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला नाही. बंदुकीचं वजन बदललं की हाताचा वेग बदलतो, वेग बदलला की अंदाज बदलतो. म्हणजे जगातली सर्वांत नावाजलेली नेमबाज पुन्हा पहिलीत बसली. त्यानंतरच तिने इंग्लंडच्या कबुतरांना नमवलं.

आपल्या ‘फिट्स अँड टॉलरन्सेस’च्या तासाला शाफ्ट आणि होल शिकवतात. शाफ्ट चांगला, होल चांगलं, पण माप जुळत नसेल तर असेंब्ली निकामी. दोघांपैकी एकही टाकाऊ नसतं! हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं, पण कळलं त्या रात्री.

ज्यांच्यावर बार चुकला नाही

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो, नाहीतर संपादक कात्री लावतील. १८९४ मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत तिच्या शूटिंगची फिल्म घेतली गेली, जगातल्या अगदी पहिल्यावहिल्या फिल्मांपैकी ती एक. १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा तिने अध्यक्ष मॅकिन्ले यांना पत्र लिहून पन्नास नेमबाज स्त्रियांची तुकडी देऊ केली. सरकारने काही मनावर घेतलं नाही. १९०१ मध्ये खेळाच्या रेल्वेगाडीला भीषण अपघात झाला आणि तिच्या पाठीला दुखापत झाली. वाइल्ड वेस्ट सुटलं.

१९०३ मध्ये तर कहर झाला. शिकागोत एका बाईला चोरीच्या आरोपात पकडलं. ती व्यसनी होती आणि तिने आपलं नाव अ‍ॅनी ओकली सांगितलं. वर्तमानपत्रांनी शहानिशा न करता छापून टाकलं की प्रसिद्ध नेमबाज कोकेनसाठी चोरी करताना सापडली. एकाचं बघून दुसऱ्याने, असं देशभर. खऱ्या अ‍ॅनीने एकेकाला कोर्टात खेचलं. एकूण ५५ वर्तमानपत्रं! सहा-सात वर्षं ती या गावाहून त्या गावी साक्षी देत फिरली. वर्तमानपत्रसम्राट हर्स्टने तिच्या गावी माणूस पाठवून तिच्याविरुद्ध काही सापडतंय का ते शोधलं. काही सापडलं नाही. ५५ पैकी ५४ खटले तिने जिंकले किंवा तडजोडीने मिटवून भरपाई घेतली. मिळाले त्याहून जास्त पैसे खर्च झाले. पण लांडग्यांच्या घरातून अनवाणी पळालेल्या मुलीकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, आपलं नाव. ते तिने सोडलं नाही.

नवशिक्यांची गुरू

उतारवयात ती आणि फ्रँक नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला हिवाळ्यात राहत. तिथल्या हॉटेलात ती बायकांना शूटिंग शिकवायची. आयुष्यभरात तिने १५,००० च्या वर स्त्रियांना बंदूक हाताळायला शिकवलं असं मानतात. तिचा आग्रह दोन गोष्टींचा, बंदूक अंगाला जुळणारी हवी आणि नजर लक्ष्यावर हवी. जी बाई स्वतः चुकीच्या बंदुकीने पंधरा कबुतरं चुकली होती, तिला नवशिक्याचं दुःख बरोबर कळणार.

पहिल्या महायुद्धात तिने स्वखर्चाने लष्करी तळांवर जाऊन सैनिकांसाठी खेळ केले. सोबत त्यांचा कुत्रा डेव्ह. प्रेक्षकांनी रुमालात बांधून लपवलेले पैसे तो वासाने शोधून काढायचा आणि ते रेड क्रॉसला जायचे. १९२२ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तिने पाइनहर्स्टला १६ यार्डांवरून ओळीने शंभर तबकड्या फोडल्या. त्याच वर्षी मोटारीच्या अपघाताने पायाला लोखंडी पट्टी आली. तरी सावरून ती पुन्हा उभी राहिली, म्हणजे आणखी एकदा पहिलीत. ३ नोव्हेंबर १९२६ ला ती ग्रीनव्हिलला वारली. फ्रँक त्यानंतर अठरा दिवसांनी गेला. पंचविसावा पक्षी चुकलेला माणूस शेवटपर्यंत तिच्या मागोमागच राहिला.

आणि मी

मे महिन्यात मी पुन्हा काकांकडे गेलो. या वेळी बंदूक हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. काकांना तेच हवं होतं. आधी त्यांनी डोळ्यांची परीक्षा घेतली. दोन्ही तळवे जुळवून मध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून लांबचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब दिसत राहतो तो आपला मुख्य डोळा. माझा उजवा निघाला. निदान हे तरी बरोबर होतं. मग रिकामी बंदूक, नळी मोडून आत काही नाही याची खात्री करून, डोळे मिटून खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा मणी सरळ डोळ्यासमोर दिसला पाहिजे. पहिल्या खेपेच्या दुनळीत मला मणीच दिसेना! माझी उंची पाच फूट तीन इंच, आणि तो दस्ता काकांच्या मापाचा. खांद्याला लावताना तो बगलेत अडकायचा, गालाला टेकायचाच नाही.

काकांनी मग त्यांच्या मुलीची बंदूक आणली, एकावर एक नळ्या असलेली वीस बोअर. बोअर म्हणजे काय तेही तेव्हाच कळलं. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ती बारा बोअर, वीस गोळ्या लागल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा मोठा तेवढी नळी बारीक. बंदूक हलकी आणि धक्काही सोसवणारा. शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनळीत डोळ्यापुढे रुंद पट्टा येतो; एकावर एक नळ्या असल्या की एकच अरुंद रेघ दिसते. रायफलीच्या सवयीच्या माणसाला ती सोपी जाते. काडतुसं मात्र अदलाबदल होऊ देऊ नयेत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घसरून अडकतं आणि मागून बाराचं भरलं की नळी फुटू शकते. त्यामुळे मैदानावर एका वेळी एकच जातीची काडतुसं, हा काकांचा लोखंडी नियम.

पंचवीस तबकड्या उडाल्या. पहिल्या सहा गेल्या, कारण हात चाप दाबताना थांबत होता. सातवी फुटली. खरीखुरी, हवेत, काळा धूर होऊन. शेवटी हिशेब झाला, अकरा.

अकरा काही फार नाहीत, हे मलाही कळतं. पण त्या अकरांनी मला दिवाळीच्या तीनचा अर्थ सांगितला. तेव्हा मी रायफलवाला म्हणून उभा होतो. तिथे मी पहिलीतला मुलगा आहे हे मला मान्यच नव्हतं. एम-थ्रीचंही तेच. बारावीत सोडवलेले पेपर पाठ करून मार्क पडले होते, म्हणून इथेही तीच बंदूक चालवत होतो. आता रूममेटसमोर फळ्यावर गणित सोडवतो, चुकलो की तो हसतो. बंदूक दुसरी आहे, तर सवयही दुसरी लावायला हवी.

म्हणून मित्रांनो, एखादी गोष्ट जमली नाही की लगेच गच्चीवर जाऊन बसू नका. आधी दस्ता मापाचा आहे का बघा. तो मापाचा करून घ्या, आणि मग अ‍ॅनीसारखं मैदानावर जाऊन पहिल्यापासून सुरू करा. नुसतं बंदुकीला नावं ठेवून कबुतर पडत नाही, आणि नुसतं स्वतःला नावं ठेवूनही नाही.

शूटिंग टीमचा तो अर्ज मी फाडला. एम-थ्री सुटला का, ते मात्र इतक्यात विचारू नका. निकाल लागायचाय.